उतरंड

खोकं उघडू नकोस, नवनाथ.
बाहेर सत्तेचाळीस आहे, आत अठरा.
ट्रकमधून उतरलेलं लोखंड
अजून सोहारच्या दुपारीतच आहे.
त्याला या खोलीत यायला वेळ लागतो.
तुला नाही लागला?
महिनाभर तू जतच्या घड्याळाने जेवायचास.
राहू दे रात्रभर.
आतल्या आत घाम फुटला
तर आपल्याला पुसता येणार नाही तो.

आता सकाळ.
आता आधी पाय.
रॅकचे चारही पाय फरशीला टेकव,
पुढची आडपट्टी पूर्ण ओढ, खटका ऐक.
ऐकू आला नाही तर
मुदीर येऊ दे, त्याचा मुदीर येऊ दे,
एक स्क्रू हलवायचा नाही.

तुझा बाप मंडप घालतो ना?
मग बोहल्याच्या कोपऱ्यांत मडकी तूच रचली असशील.
थोरलं तळाला, धाकटं वर,
हे कुणी वहीत लिहून देत नाही.
तीच ही उतरंड.
चौऱ्याऐंशी डिस्कांचं धूड सगळ्यांत खाली.
ते नको म्हणालं तरी खाली.

आणि भरलेलं उचलायचं नाही.
एकेक डिस्क काढ, नंबर लिही, फोमवर ठेव.
मनगटाला पट्टा बांध आधी,
तुझ्या बोटातली वीज तुला कळत नाही,
तिला कळते.
अकरा अकराच्याच घरात जायला हवी.
बारा अकरात बसते,
कुरकुर करत नाही,
हीच तिची खोड.

मागच्या पॉवर सप्लायच्या कड्या धरू नकोस,
शेपटी धरून कुणी बैल उचलत नाही.
चौघं लागतील: तू, मी, सुगुणन, मुराद बलोच.
'तीन'वर उचलायचं की 'तीन' म्हणून झाल्यावर,
हे आत्ताच ठरवू.
तीन भाषांमधला 'तीन'
तीन वेगवेगळ्या वेळी येतो.

खेडचा शब्बीर परकार माझ्या आधी इथे होता.
घाईत दोन कप्पे एकदम ओढले त्याने.
रॅक पुढे वाकलं,
पाया पडायला वाकावं तसं,
सावकाश, आवाजसुद्धा नाही.
तो धरायला गेला.
आता खेडला मोबाइलच्या दुकानात बसतो,
चहा डाव्या हाताने पितो.

म्हणून सांगतो, एका वेळी एकच कप्पा.
आणि पडायला लागलंच तर हात काढून घे.
लोखंडाचा विमा आहे.
आपलाही आहे म्हणतात,
कागद मी पाहिलेला नाही.

यात काय असतं, विचारत होतास काल.
अंगठे.
बंदरावर हजेरी लावणाऱ्या सगळ्यांचे,
क्रेनवाले, झाडूवाले, तू, मी.
खालून दुसऱ्या खणात कुठेतरी
माझा नऊ वर्षांपूर्वीचा अंगठा आहे,
रेघा ठळक, मधोमध भोवरा.
केज नट चढवून चढवून
बाहेरचा गुळगुळीत झाला.
गेटवरचं यंत्र रोज विचारतं, कोण?
मी रोज तोच अंगठा पुन्हा दाखवतो.
मग पहारेकरी वहीत हाताने नाव लिहितो,
तेही चुकीचं.

हिरवे दिवे लागले.
एक पिवळा आहे, तो होईल हिरवा, थांब.
नाही झाला तर अकरा आणि बारा बघ.
मी बोललो होतो.

बाहेर पडलो की चष्म्यावर धुकं येतं,
अंगठ्याने पुसतो.
काचेवर ठसा नाही,
नुसता ओला डाग, कुणाचाही असेल असा.

दारात उभा राहू नकोस, नवनाथ.
आत ये नाहीतर बाहेर जा.
थंडी निघून चाललीय.